ज्वारीखालची वाईन

१० ऑक्टोबर. पेवाचं तोंड काल दुपारी उघडून ठेवलं, आज उपसायचं. सकाळी खळं झाडलं, ताडपत्री अंथरून तिच्या कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, आणि आता राखेनं कंदिलाची काच घासत बसले आहे. घरात बॅटरी आहे, मोबाइललाही दिवा आहे. पण पेवात उतरण्याआधी कंदीलच सोडायचा असतो. बॅटरी वाईट हवेतही जळत राहते. कंदील खरं सांगतो. तो विझला तर माणूस उतरवायचा नाही.

पेव आता फारसं कुणाकडे उरलेलं नाही, म्हणून सांगते. जमिनीखाली खोदलेली ही ज्वारीची कोठी. तोंड माणूस जेमतेम शिरेल एवढं, पोट एखाद्या खोलीएवढं. तळाला आणि बाजूंना कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, वर पुन्हा कडबा, दगडी झाकण, झाकणावर माती, मातीवर शेणाचा लेप. मग विसरून जायचं. वर्षं जातात, ज्वारीला काही होत नाही. पण एकदा फोडलं की अर्धं काढलं, अर्धं ठेवलं असं चालत नाही. हवा लागली की उरलेलं सडतं. फोडलं तर सगळं उपसायचं, नाहीतर हात लावायचा नाही. त्यामुळे पेव फोडणं हे आमच्याकडे विचार करून, कारण असलं तरच करायचं काम.

काल झाकण सरकवलं आणि वास वर आला. आंबूस, उबट, बंद खोलीसारखा. ज्यांना सवय नाही ते नाक मुरडतात. माय ओसरीवरच्या खाटेवरून म्हणाली, "आली गं, आली." जणू माहेरची कुणी बाई फाटकातून आत येत होती.

आदिलाबादला लागून असलेल्या आमच्या मावल्यातला ऑक्टोबर हा असाच असतो. सकाळी मेथीच्या वाफ्यावर इतकं दव की जुड्या बांधताना कोपरापर्यंत हात भिजतात, आणि दुपारी तेच ऊन पाठ भाजून काढतं. पलीकडे कापसाची पहिली वेचणी, अलीकडे सोयाबीनच्या मळणीचा भुसा. तो हवेत तरंगतो आणि वाळत घातलेल्या लुगड्यांना चिकटतो. हायवेवरून नागपूर-हैदराबादचे ट्रक जातात. या वासांना आणि या उन्हाला मी एरवी काही म्हणत नाही, मला भाजीचा गाळा सांभाळायचा असतो. पण पेवाचा हा वास आणि ऑक्टोबरचं ऊन एकत्र आलं की एकच हंगाम आठवतो. जिल्ह्याचे चार तुकडे झाले तो दसरा.

माझा धाकटा भाऊ वसंता नाशकाकडच्या वाईनच्या कारखान्यांत पंधराएक वर्षं होता. टाक्या धुण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी वाईन चाखून सांगायच्या कामापर्यंत पोचला. मी लग्न होऊन तीन वर्षांत परत आले होते. कारणं सांगायची गरज नाही. वडील गेल्यावर तोही परत आला आणि मिरचीच्या तुकड्यात त्यानं द्राक्षाच्या चार ओळी लावल्या. आमचे शेजारी बापूकाका, वडिलांचे जोडीदार, बांधावर येऊन उभे राहिले.

"काय लावून राह्यला रे?"

"शेनिन, काका. पांढरं द्राक्ष हाय."

"शेणी? मंग इकत काऊन आणल्या बावा? माह्या गोठ्यात म्हणशीन तेवढ्या पडल्या हायत."

गावाला त्यावर वर्षभर हसायला मिळालं. वसंताही हसला. तो चिडत नसे, ही त्याची एक खोड होती.

पहिलं पीक आलं तेव्हा त्यानं दुधाच्या स्टीलच्या कॅनमध्ये रस धरला, कॅनभोवती ओली पोती गुंडाळली आणि रात्रंदिवस पाणी मारलं. रस उकळल्यासारखा बुडबुडला, मग गप्प झाला. त्यानं डझनभर बाटल्या भरल्या, बुचं ठोकली, वर मेण ओतलं. थोडी उरली ती आम्हाला दिली. बापूकाकांनी एक घोट घेऊन तोंड असं केलं की गाईनं बघितलं असतं तर दूध आटलं असतं.

"याच्यात साखर टाकाची राह्यली का रे?"

"साखर होती काका. खमिरानं खाल्ली सगळी. कणभर ठेवली नाई."

"मंग त्या खमिराले पेढे वाट. आमाले काऊन पाजून राह्यला?"

मी चाखली नाही. मला दारूचा कुठलाच प्रकार चालत नाही, तत्त्व म्हणून नव्हे, डोकं दुखतं म्हणून. पण मी त्याला विचारलं होतं, की जी आज कुणालाच आवडत नाही ती कशाला करायची. तो म्हणाला, "आजसाठी केली नाई, अक्का." गोड वाईन लगेच आवडते आणि लगेच संपते, असं त्याचं म्हणणं. जी कोरडी ठाक असते, जिच्यात आंबटपणाचा कणा असतो, तिच्यातच वर्षं साठवायला जागा असते. लोक नाशिक म्हणतात, परदेशातली नावं घेतात. आदिलाबादचं नाव कुणी घेत नाही, म्हणून इथलं द्राक्ष वाट पाहू शकत नाही असं थोडंच आहे?

मला ते पटायला जड गेलं. माझा माल सकाळी तोडलेला संध्याकाळी मेलेला असतो. चार वाजले की मेथी निम्म्या भावानं, सहा वाजले की गाईला. त्याचा माल उलटा. जन्मल्या दिवशी कुणाला नको, आणि पुढं कधी हवा होईल ते करणाऱ्यालाही ठाऊक नाही. एकाच मातीत दोन भावंडं असे दोन धंदे करत होतो.

त्या उन्हाळ्यात गुडुंब्यासाठी, म्हणजे गावठीसाठी, आबकारीच्या जीपा गावोगाव फिरत होत्या. वसंता पुढच्या हंगामाची बुचं आणायला नाशकाला गेलेला. परवान्याचं पाहतो, पाहतो, असं त्याचं चाललं होतं, आणि मायला परवाना आणि गुडुंबा यांत काही फरक दिसत नव्हता. तिनं बापूकाकांना हाक मारली. नवी ज्वारी पेवात भरायची होतीच. दोघांनी मिळून बाटल्या तळाच्या कडब्यात आडव्या निजवल्या, त्यावर ज्वारी ओतली, झाकण बसवलं आणि शेणानं लिंपून टाकलं. मी गाळ्यावरून आले तेव्हा माय हात धूत होती.

वसंता परतला. "माय, बाटल्या कुठी हायत?"

"गाडल्या."

"गाडल्या?"

"पेवात. ज्वारीखाली. आता आबकारीचा बाप आला तरी सापडत नाई."

तो पायरीवर बसला. मला वाटलं, आता पहिल्यांदा चिडेल. तर हसतच सुटला. "अक्का, गार आणि अंधारं तळघर बांधाले लोक अर्धा जलम घालवतात. आपल्या मायनं भेवापायी एका दुपारी बांधलं." पेव उघडायचं म्हणजे सगळी ज्वारी बाहेर काढायची, हे त्यालाही माहीत होतं. तो म्हणाला, राहू दे, तिथंच बरी आहे.

पुढच्या मार्चात गारा पडल्या. घडांचा चिखल झाला. आणि त्यानंतर वसंताच्या जिभेच्या कडेला एक पांढरा चट्टा आला, तो जाईना. त्यानं आयुष्यात तंबाखू खाल्ली नव्हती, वाईनसुद्धा चाखून थुंकायचा. गावात लोक काय म्हणाले ते लिहीत नाही. नागपूरच्या डॉक्टरनं तुकडा काढून तपासायला पाठवला आणि सांगितलं, दसऱ्यानंतर भरती व्हा. शेक द्यावे लागतील. शेक म्हणजे मशीनचे किरण. "चव जाईल," डॉक्टर म्हणाले. "येते परत कुणाकुणाची. खात्री देता येत नाही."

वसंतानं त्या खोलीत एकच प्रश्न विचारला. "पूर्ण जाते?"

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला होता. बरंच पुढं आल्यावर म्हणाला, "अक्का, एकडाव चाखून पाह्याची होती." काय ते मला विचारावं लागलं नाही.

माय वालाच्या शेंगा सोलत होती.

"माय, पेव फोडू."

"काऊन?"

"एक बाटली काढतो. चाखून पाहतो. मंग नागपूरले जातो."

मायचे हात थांबले नाहीत. "पेव फोडाले कारण लागते. लगन लागते, नाई तर दुष्काळ. लगन तू केलं नाई. दुष्काळ यंदा नाई. मंग तिसरं काय उरते, ते तूच सांग."

तिसरं म्हणजे तेरवी. आमच्याकडे तेरवीच्या जेवणाला पेव फोडतात, आणि लेप निघाला की गावाला कळतं, या घरात माणूस गेला.

तो बाहेर गेल्यावर मी मायला समजावून पाहिलं. म्हटलं, ज्वारीला काय समजतं?

"ज्वारीले नाई समजत. लोकायले समजते. झाकण निघालं की इचारतीन, कोणाचं? काय सांगू? जित्याचं सांगू?" तिनं एक शेंग उलटीकडून सोलली, जी ती कधी सोलत नसे. "मी माह्या हातानं त्याची तेरवी नाई मांडत."

तिच्या बाजूनं तिचं बरोबर होतं. त्याचंही बरोबर होतं. मला त्या दिवसांत फारसं काही वाटत नव्हतं. माणूस थंड पाण्यात हात घालून बराच वेळ काम करत राहिला की बोटं आपली राहत नाहीत, तसं झालं होतं. मी जुड्या बांधत होते, पैसे मोजून घेत होते आणि मनात एवढंच चाललं होतं, की दसऱ्याला किती दिवस उरले आणि पेवाला चौथं कारण कुठून आणायचं.

गावात तेव्हा वेगळीच गडबड होती. जिल्ह्याचे चार जिल्हे होणार होते. कारकून लोक हवालदिल, कुणाची बदली मंचेरियलला, कुणाची आसिफाबादला. आणि आमचं मावला, जे आजवर आदिलाबाद शहराची शेपटी होतं, ते स्वतंत्र मंडळ, म्हणजे तेलंगणातला तालुकाच, होणार होतं. शाळेची एक खोली रंगवून तिच्यावर तेलुगूत पाटी लावली होती. आमचे वडील सांगायचे, आपण जागचे हललो नाही आणि सरकारं मात्र आपल्या अंगावरून किती गेली. निजामाचं गेलं, हैदराबाद राज्य गेलं, आंध्र आलं, मग तेलंगणा झालं. पत्ता बदलला की पोस्टमन बदलतो, एवढाच त्यांच्या लेखी फरक.

दसऱ्याच्या आधी बापूकाका सांगत आले, "वयनी, तुमचा पत्ता बदलला. आता मावला मंडळ म्हणा लागते."

"घर हलवा लागते का?"

"नाई."

"मंग सांगू नका."

मी भाकरी थापत होते. तोंडातून निघून गेलं, "काका, गावाले नाव भेटलं म्हणजे गावाचं बारसंच की हे."

बापूकाकांनी माझ्याकडे पाहिलं. ते थट्टेखोर होते, पण मंद नव्हते. "व्हय तर," ते म्हणाले. "बारसंच म्हणा लागते. बारशाले जेवण नाई का घालाचं कोणी?"

तव्यावरची भाकरी मी उलटली, फुगली, काढली. मग माय म्हणाली, "बारशाले फोडलं होतं एकडाव."

"कोणाच्या?" मी विचारलं.

तिनं हनुवटीनं दाराकडे खूण केली. दारात वसंता चप्पल घालत उभा होता. "याच्या. याच्या आज्यानं फोडलं होतं. सारा गाव जेवला." ती उठली, पदर खोचला. "फोडा. पण अर्धं-मुर्धं नाई. लोकं पोटभर जेवले पायजे."

बाटलीचं नाव तिनं काढलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी तिकडे शाळेत हारतुरे, भाषणं आणि लाऊडस्पीकर, आणि इकडे आमच्या खळ्यात तीन चुली. पेवातल्या ज्वारीच्या भाकरीला एक आंबूस वास असतो. म्हातारी माणसं त्या वासासाठी चार भाकरी जास्त खातात, पोरं तोंड वाकडं करतात. शाळेतल्या हापिसातला एक तेलुगू कारकून वास काढत आला. "ये किस खुशी में है, अम्मा?"

"बारसा है," माय म्हणाली. "तुम्हारे मंडल का. बैठो."

तो हसून बसला आणि भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा असा काही जेवला की मंडळाचं भविष्य मला चांगलं वाटलं.

सकाळीच ज्वारी उपसून झाली होती. कंदील सोडून पाहिला, जळत राहिला, तेव्हा बापूकाका तळाशी उतरले होते. बादलीतून एकेक बाटली वर आली. मेणाला ज्वारीचे दाणे चिकटलेले. बाहेर पाठ भाजणारं ऊन आणि बाटली हातात घेतली तर गार, विहिरीतून काढल्यासारखी. वसंता पालथ्या घमेल्यावर बसून सदऱ्यानं एकेक पुसत होता. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही. मी बादली धरली होती.

पंगती उठल्यावर त्यानं एक बाटली घेतली आणि आम्ही दोघं वेलांच्या ओळीत जाऊन बसलो. गारांनी झोडपलेल्या वेली, छाटणी राहून गेलेली. घरात काचेचं काही नव्हतं, म्हणून मी गाळ्यावरचा चहाचा ग्लास आणला होता. त्यानं ओतली. रंग फिका, ताज्या कडब्यासारखा. नाकाशी धरून तो इतका वेळ बसला की मला वाटलं, आता पिणारच नाही. मग एक घोट घेतला, तोंडात फिरवला, मुळाशी थुंकला. पुन्हा घेतला.

"कशी हाय?" मी विचारलं.

"कवाड लागलं हाय."

"म्हंजे?"

"आतमंदी माणसं हायत. आवाज येते. पण उघडून नाई राह्यले." त्यानं ग्लास उन्हात धरला. "अजून थांबाले पायजे होतं."

बस चुकली हे सांगावं, तसं त्यानं ते सांगितलं. मी विचारलं, किती थांबायचं. म्हणाला, वर्षं. मग ग्लास माझ्यापुढे केला.

"तू घे."

"मी काय करू? माहं डोकं दुखते."

"दुखू दे. माह्या तोंडाचं आता काई खरं नाई. आज कशी होती ते घरात कोणाले तरी ठाऊक पायजे."

घेतली. पहिल्यांदा नुसता आंबटपणा, कच्चं कवठ फोडून चाटल्यासारखा. दातांवर खडूसारखं काहीतरी. मग तापल्या दगडावर पाणी मारल्याचा वास. गिळल्यावर मी तोंड पुसायला पदर उचलला, तर तो म्हणाला, "थांब. बोलू नको. आता पाय." मी थांबले. जिभेच्या कडांना करडईच्या भाजीसारखी बारीक कडसर चव उरली. ती लवकर जाईना. ट्रक गेला, मग दुसरा गेला, तरी होतीच.

"हे ध्यानात ठेव," तो म्हणाला. "एक दिवस नाकाले मध लागन. तोंडात शोधशीन तर मध सापडणार नाई. त्या दिवशी समज, झाली."

मी हो म्हटलं. त्यानं बाटलीला पुन्हा बूच लावलं. दुसरी उघडली नाही. बाकीच्या नवी ज्वारी येईपर्यंत माझ्या खाटेखाली ओल्या पोत्यात ठेवल्या.

आम्ही नागपूरला गेलो. त्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रांगा होत्या, जाळीचा मुखवटा होता, तो चेहऱ्यावर बसवून टेबलाला खिळवायचे. मी बाहेरच्या बाकावर बसायचे आणि मेथीचा काय भाव चालला असेल याचा हिशेब करायचे. संक्रांतीला तो घरी आला. मायनं तिळगूळ दिला. त्यानं तोंडात ठेवला, इकडून तिकडे फिरवला आणि म्हणाला, "खडा हाय." माय आत गेली.

चव परत आली नाही. तो म्हणायचा, भाकरी पुठ्ठ्यासारखी लागते आणि पाणी जाड लागतं. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. वेलींची छाटणी मात्र तो करत राहिला, वाकून, सावकाश, प्रत्येक काडीवर दोन डोळे, म्हणजे फुटव्याच्या दोन गाठी, ठेवून. द्राक्षं आली. त्यानं वाईन केली नाही. चाखता येत नाही ते करू नये, म्हणाला, आणि घड पाखरांना सोडून दिले. दोन वर्षं अशी गेली आणि मग एका श्रावणात तोही गेला.

तेरवीला माय म्हणाली, "तांदूळ दुकानातून आणा. पेवाले हात लावाचा नाई."

पेव भरलेलं होतं. तो नागपूरला असताना मायनं स्वतः बाटल्या तळाशी ठेवून त्यावर नवी ज्वारी ओतवली होती, आणि पहिली टोपली तिनं स्वतःच्या हातानं ओतली होती. गावानं कुजबुज केली, की घरात ज्वारी असून दुकानचा भात वाढला. करू दिली. मी रडले नाही याचीही कुजबुज झाली. तीही करू दिली. चार ओळींपैकी तीन मी काढून टाकल्या आणि मेथी-वांगी लावली. एक ओळ राहिली. ती का ठेवली ते मला सांगता येणार नाही.

आणि या आठवड्यात माय खाटेवरून म्हणाली, "सुमे, पेव फोड."

मी म्हटलं, कारण?

"माह्यासाठी फोडशीन तवा मी थोडीच जेवाले राहीन? आता फोड. मले त्या ज्वारीची भाकर खावाशी वाटते."

"लोक इचारतीन."

"सांग, म्हातारीले भूक लागली."

बापूकाका आता नाहीत. कंदिलाची काच घासून झाली. दुपारी सोडला तो जळत राहिला, आणि मीच उतरले. वर दोन बाया बादल्या ओढायला होत्या. खाली गार आणि मऊ अंधार. कडब्यात हात घातला तर पहिली बाटली हाताला लागली ती रिकामी. बूच कुजून सगळी ज्वारीनं पिऊन टाकलेली. दोन फुटक्या. एकीला वास घेतला तर नुसता शिरका. बाकीच्या धडधाकट होत्या.

संध्याकाळी मायसाठी भाकरी केली आणि एक बाटली फोडली. तोच चहाचा ग्लास. रंग आता फिका राहिलेला नाही. शेणानं सारवलेल्या भिंतीवर पडलेल्या उन्हासारखा झाला आहे. नाकाशी धरली. मेणाचा वास आला. मोहाच्या वाळल्या फुलांचा आला. मग मी ग्लास खाली ठेवला, कारण माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते मला कळेना. ज्याला माहीत आहे तेच सापडतं नाकाला. वसंतानं मला काय शोधायचं ते आधीच सांगून ठेवलं होतं. मायला नव्हतं सांगितलं.

"काय हाय ते?" मायनं विचारलं.

"वाईन."

"त्याची?"

वसंता गेल्यापासून तिनं त्याच्याबद्दल काढलेला हा पहिला शब्द. मी मान डोलावली. तिनं हात पुढे केला. मी ग्लास दिला. ऐंशीच्या घरातल्या त्या बाईनं आयुष्यात असलं काही तोंडाला लावलेलं नव्हतं. तिनं आधी वास घेतला, ताक नासलंय का ते पाहावं तसा.

"मध टाकला का तू याच्यात?"

"नाई."

तिनं घोट घेतला. जबडा हलवत बसली. पुन्हा एक घेतला आणि ग्लासात डोकावून पाहिलं, जणू काही तळाशी राहिलं असेल.

"मंग गेला कुठी?" माय म्हणाली. "गोड तर नाई लागून राह्यलं."

मी ग्लास घेतला आणि चाखली. कवठ नव्हतं, खडू नव्हता. मध तोंडात कुठंच नव्हता. करडईची कडसर चव मात्र जागेवर होती आणि मी न बोलता थांबले तशी ती थांबली.

"झाली," मी म्हटलं.

"काय झाली?"

"काही नाई. भाकर खा, निवून राह्यली."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, त्या पेवातल्या ज्वारीच्या आंबूस भाकरीचा, आणि त्यावर उरलेला घोट घेतला. म्हणाली, संगं बरं लागते.

११ ऑक्टोबर. सकाळी पेवाच्या तोंडातून पेटता कडबा सोडून तळ शेकून घेतला. नव्या ज्वारीपर्यंत कोरडा राहायला हवा. उरलेल्या बाटल्या ओल्या पोत्यात गुंडाळून खाटेखाली सरकवल्या. मग वसंताची कात्री शोधली, दगडावर घासली, आणि राहिलेल्या त्या एका ओळीची छाटणी केली. प्रत्येक काडीवर दोन डोळे ठेवले. आज मेथी बाजारात उशिरा पोचली.